वाट आणि वहिवाट

‘वहिवाट’ हा शब्द आपल्याकडे कोर्टकचेऱ्यांत इतका रुळला आहे कीं, त्याला जुन्या दप्तरांचा वास येतो. अमक्या शेताची वहिवाट कोणाची, तमक्या विहिरीवर पाणी भरण्याची वहिवाट किती पिढ्यांची, असे तंटे ज्यांनीं ऐकले आहेत त्यांना त्या शब्दांतील ‘वाट’ बहुधा ऐकूंच येत नाहीं. व्युत्पत्तीच्या वादांत न शिरतांहि एवढें म्हणतां येईल कीं, वाट आणि वहिवाट यांचें नातें फार जवळचें आहे. कागदावर आंखलेली रेघ म्हणजे वाट नव्हे. माणसें जोंवर तिच्यावरून जातयेत असतात तोंवरच ती वाट. जाणें थांबलें कीं दोन पावसाळ्यांत गवत तिला गिळतें, आणि तिसऱ्या वर्षीं कोणी कुंपण घातलें तर ‘येथें वाट होती’ असें सांगणाराहि उरत नाहीं.

हल्लीं मोठ्या शहरांजवळच्या रानांत रविवारीं सकाळीं एक देखावा पुष्कळदां दिसतो. वीसपंचवीस स्त्रीपुरुष, बरोबर कांहीं मुलें, पाठीवर पाण्याची बाटली नि शिदोरी. पुढें वाटेचा माहितगार, आणि कोणी मागें पडूं नये म्हणून शेवटीं ठेविलेला एक जाणता गडी. माहितगार मधूनच थांबून एखाद्या झाडाचें नांव सांगतो, एखाद्या पक्ष्याची शीळ ओळखून दाखवितो; दिवस मावळण्यापूर्वीं मंडळी आपापल्या घरीं परततात. ही करमणूक इतकी निरुपद्रवी दिसते कीं, तिला कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. परंतु तिला इतिहास आहे, आणि दंड, खटले व तुरुंगवास यांनीं तो भरलेला आहे. तो मुख्यतः इंग्लंडांत घडला. मोकळ्या रानावरचा सामान्य माणसाचा हक्क त्या देशांत वकिलांनीं व पार्लमेंटांतील सभासदांनीं लिहून ठेविला हें खरें. पण लिहिण्याजोगा तो झाला, तो दर रविवारीं ठरल्या वेळीं कोणा माहितगाराच्या मागून चालत गेलेल्या मंडळींमुळें. त्यांनीं तो पायांनीं वहिवाटला. ही हकीगत येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

इंग्लंडांत प्रत्येक खेड्याभोंवतीं गायरान, झाडी व माळ यांचा बराच टापू पूर्वीं गांवाच्या समाईक उपयोगाचा असे. जमीन जहागीरदाराची असली, तरी तिच्यांत गुरें चारणें, सरपण आणणें, तिच्यावरून बाजाराला जाणें हे हक्क गांवकऱ्यांचे होते. शेतीच्या सुधारणेचें कारण पुढें करून पार्लमेंटनें ह्या समाईक जमिनी खाजगी कुंपणांत घालण्यास एकामागून एक परवानगी दिली. १६०४ पासून १९१४ पर्यंत अशा प्रकारचे ५,२०० हून अधिक कायदे झाले, आणि त्यांखालीं सुमारें ६८ लक्ष एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या भूमीचा पांचव्याहून थोडा अधिक हिस्सा, कुंपणांत गेली. जमिनीबरोबर तिच्यावरच्या पायवाटाहि जाऊं लागल्या. १८१५ सालच्या एका कायद्यानें तर दोन मॅजिस्ट्रेटांनीं ‘अनावश्यक’ ठरविलेली कोणतीहि पायवाट बंद करण्याची सोय करून दिली. मॅजिस्ट्रेट बहुधा जमीनदारच असत. तेव्हां एकानें दुसऱ्याच्या शेतांतील वाट अनावश्यक ठरवावी आणि दुसऱ्यानें त्याची परतफेड करावी, असा व्यवहार चालणें कठीण नव्हतें.

ह्याच सुमारास दुसरीकडे मँचेस्टरसारखीं गिरण्यांचीं शहरें झपाट्यानें वाढत होतीं. धुरानें काळवंडलेल्या गल्लींतून मजुराला सुटीच्या दिवशीं मोकळ्या हवेंत जाण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे शेतांच्या बांधांवरून जाणारी जुनी पायवाट. जवळच्या फ्लिक्स्टन गांवीं अशी एक वाट बंद झाली, तेव्हां शहरांतील नागरिक संतापले. आर्चिबाल्ड प्रेंटिस नांवाच्या वृत्तपत्रकारानें व त्याच्या मित्रांनीं ती लढाई हातीं घेतली, आणि तिच्यांतून १८२६ सालीं मँचेस्टर येथें पुरातन पायवाटांच्या रक्षणासाठीं एक मंडळ निघालें. वाटेसाठीं संस्था काढावी लागते ही गोष्ट त्या काळच्या लोकांनाहि नवलाची वाटली असेल.

परंतु संस्था आणि खटले यांनीं वाट जिवंत राहात नाहीं. तिला पाय लागतात. हें एपिंगच्या रानाच्या हकीगतींत अधिक स्पष्ट दिसतें. लंडनच्या ईशान्येस असलेलें हें राजांच्या शिकारीचें जुनें रान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जहागीरदारांनीं तुकड्यातुकड्यांनीं कुंपणांत घालण्यास आरंभ केला होता. रानाच्या कांठच्या लॉटन गांवच्या लोकांना ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून हिवाळाभर झाडांच्या फांद्या तोडून सरपण नेण्याचा पिढीजाद हक्क होता. टॉमस विलिंगेल नांवाच्या एका वृद्ध मजुरानें कुंपणाला न जुमानतां ती वहिवाट चालूं ठेविली. १८६६ सालीं त्याच्या घरच्या तरुणांना त्यापायीं तुरुंग पाहावा लागला. समाईक जमिनींच्या रक्षणासाठीं १८६५ सालीं स्थापन झालेली संस्था त्याच्या पाठीशीं उभी राहिली. पुढें लंडन शहराचें कॉर्पोरेशनहि वादांत उतरलें. १८७४ सालीं न्यायालयानें कुंपणें घालणाऱ्यांविरुद्ध निवाडा दिला, आणि १८७८ सालीं पार्लमेंटनें एक खास कायदा करून एपिंगचें रान लोकांच्या विहारासाठीं कायमचें मोकळें ठेविलें. १८८२ सालच्या मे महिन्यांत व्हिक्टोरिया राणीनें स्वतः तेथें जाऊन तें प्रजेला अर्पण केलें.

ह्या विजयाला एक काळी किनार होती. ज्या फांद्यांवरून भांडण उभें राहिलें, त्या तोडण्याचा लॉटनकरांचा हक्क त्याच कायद्यानें मोबदला देऊन संपुष्टांत आणला. मोबदल्याच्या पैशांतून गांवांत एक सभागृह बांधण्यांत आलें व तें १८८४ सालीं उघडलें. योगायोग असा कीं, त्याच १८८४ सालीं लंडनच्या कांहीं रहिवाशांनीं ‘फॉरेस्ट रॅम्बलर्स क्लब’ नांवाची एक मंडळी काढली. सर्वांनीं मिळून एपिंगच्या रानांतून फिरावें आणि वाटेंत कोठें अडथळा दिसला तर त्याची वर्दी द्यावी, हा तिचा उद्देश होता. समुदायानें केलेल्या सहलीला हक्काच्या राखणीचें काम जोडलेलें येथें प्रथमच इतकें स्पष्ट दिसतें. सरपणाची वहिवाट संपली आणि सहलीची सुरू झाली. १८७८ हें साल आणि ही काळी किनार ह्या दोन्ही गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या; शेवटीं त्यांजकडे परत यावयाचें आहे.

आतां सहलीच्या वाटाड्यांकडे वळूं. पहिला वाटाड्या मोठा विद्वान् होता. ‘डिक्शनरी ऑफ नॅशनल बायॉग्रफी’ ह्या प्रचंड चरित्रकोशाचे पहिले संपादक, आल्प्सचीं शिखरें पादाक्रांत करणारे गिर्यारोहक आणि व्हर्जिनिया वुल्फ ह्या लेखिकेचे वडील लेस्ली स्टीफन, हे ते गृहस्थ. त्यांनीं १८७९ सालीं कांहीं मित्रांना जमवून ‘संडे ट्रॅम्प्स’, म्हणजे रविवारचे भटके, ही मंडळी सुरू केली. एका रविवाराआड लंडनहून आगगाडीनें निघावें, कोणत्या तरी खेड्याच्या स्टेशनावर उतरून वीसवीस मैल चालावें आणि रात्रीं घरीं परतावें, असा त्यांचा क्रम सुमारें पंधरा वर्षें चालला. वकील, प्राध्यापक, तत्त्ववेत्ते असे त्यांचे सभासद होते. बॉक्स हिलजवळ राहणारे कादंबरीकार जॉर्ज मेरेडिथ त्यांचें आतिथ्य करीत. वाट ठरविणें स्टीफन यांच्याकडे असे. लांब पायांचा हा अबोल पुढारी एकदां चालूं लागला कीं बाकीचे त्याच्या मागून जात, आणि जवळची वाट दिसली कीं तो कोणाचें रान आहे याची फारशी चौकशी करीत नसे.

ह्या मंडळींतील फ्रेडरिक पोलॉक हे नामांकित कायदेपंडित होते. हिंदुस्थान सरकारच्या सांगण्यावरून त्यांनीं दिवाणी अपकृत्यांसंबंधीं एक मसुदाहि तयार केला होता. तो पुढें कायदा झाला नाहीं. स्टीफन यांचे वडील बंधु फिट्झजेम्स हे तर आपल्याकडील १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे कर्ते. अशा मंडळीला रखवालदारानें अडविलें तर काय होई, याची एक गमतीची आठवण सांगतात. ते सर्वजण मिळून एक कायदेशीर मंत्र म्हणत. आम्ही ह्या जमिनीवर वाटेचा किंवा इतर कोणत्याहि वहिवाटीचा हक्क सांगत नाहीं, आणि नुकसानभरपाईदाखल हा एक शिलिंग देऊं करतों, अशा अर्थाचा तो मंत्र होता. इंग्लिश कायद्यांत नुसता परक्याच्या जमिनींत शिरणें हा फौजदारी गुन्हा नव्हता. झालेल्या नुकसानीपुरता तो दिवाणी दावा होता. ‘आंत शिरणारांवर खटला भरला जाईल’ अशा पाट्या रानोरान लागलेल्या असत, त्यांना वकीलमंडळी ‘लाकडी थापा’ म्हणत ती ह्याच कारणानें. तेव्हां शिलिंग पुढें केला कीं प्रश्न मिटला.

हा विनोद मोठा सुरेख आहे. पण त्यांतील शब्द नीट पाहावे. ‘आम्ही हक्क सांगत नाहीं.’ ज्याच्या खिशांत शिलिंग आहे, ज्याच्या तोंडीं कायदा आहे आणि ज्याला रखवालदारहि ‘सर’ म्हणून हांक मारतो, त्याला हक्काची निकड नसते. त्याची सहल त्या दिवसापुरती सुखरूप पार पडते. मागून येणाऱ्यासाठीं ती कांहीं ठेवून जात नाहीं. एक शिलिंग म्हणजे बारा पेन्स. गिरणीच्या मजुराला तो असा रानांत उधळणें परवडणारें नव्हतें.

दुसरा वाटाड्या ह्या दुसऱ्या वर्गांतला होता. शेफील्ड हें पोलादाचें आणि चाकूकात्र्यांचें शहर. तेथील एका कारखान्यांत काम करणाऱ्या जी. एच. बी. वॉर्ड नांवाच्या तरुणानें १९०० सालीं ‘क्लॅरियन’ ह्या समाजवादी साप्ताहिकांत एक लहानशी जाहिरात दिली: रविवारीं सहलीस येण्याची कोणाची इच्छा आहे काय? २ सप्टेंबर १९०० रोजीं चौदा माणसें जमलीं. त्यांत स्त्रियाहि होत्या. शेफील्ड आणि मँचेस्टर ह्या दोन शहरांच्या मधोमध डोंगराळ मुलूख आहे. त्यांतून जाणारी आगगाडी १८९४ सालीं सुरू झाली होती. ह्या गाडीनें मंडळी एडेल येथें उतरलीं आणि किंडर स्काउट ह्या डोंगराला वळसा घालून आलीं. ‘शेफील्ड क्लॅरियन रॅम्बलर्स’ ह्या संस्थेचा तो जन्मदिवस.

वॉर्डचें मोठेपण पहिल्या सहलींत नाहीं, तें तिच्या मागून जें घडलें त्यांत आहे. त्यानें दरवर्षीं एक छोटी पुस्तिका काढण्यास आरंभ केला. ती खिशांत मावेल अशी होती. कोणत्या रविवारीं कोणती वाट, कोणती गाडी, पुढारी कोण, हें सर्व वर्षाच्या आरंभीं त्यांत छापलेलें असे. त्याखेरीज त्या मुलुखांतील जुन्या वाटांचा इतिहास, डोंगरांचीं व ओढ्यांचीं मूळ नांवें, कुंपणापूर्वीं कोणाची वहिवाट कोठून होती याचे पुरावे, हें सारें वॉर्ड जुने नकाशे व दस्तऐवज धुंडाळून आणि म्हाताऱ्या धनगरांना विचारून गोळा करी व छापी. ज्यानें विद्यापीठाचें तोंड पाहिलें नव्हतें, त्याला आयुष्याच्या शेवटीं, १९५७ सालीं, शेफील्ड विद्यापीठानें सन्मानाची पदवी दिली ती ह्या कामासाठीं.

ह्या पुस्तिकेचें महत्त्व वरवर ध्यानांत येत नाहीं. एकटा माणूस रानांत गेला तर तो भटका ठरतो. त्याला हटकलें कीं तो निमूट परत फिरतो, आणि आज कोण गेलें, उद्यां कोण जाईल याची कोठें नोंद राहात नाहीं. परंतु अमुक तारखेला, अमुक पुढाऱ्याच्या मागून, इतकीं माणसें ह्या वाटेनें गेलीं असें छापील पुस्तकांत वर्षानुवर्षें नमूद होऊं लागलें, म्हणजे त्याला पुराव्याचें मोल येतें. वाट चुकूं न देणें, फाटक लावून घेणें, पिकांत पाय पडूं न देणें, ही शिस्तहि वाटाड्यामुळेंच येई. आणि ‘हे लोक नासधूस करितात’ ही जमीनदाराची तक्रार तिनें लंगडी पडे. मौज आणि पुरावा, शिस्त आणि हक्क, अशीं एरवीं एकत्र न नांदणारीं माणसें त्या रविवारच्या रांगेंत एकामागून एक चालत होतीं असें म्हटलें तरी चालेल.

अडचण होती ती खुद्द किंडरची. सुमारें ६३६ मीटर उंचीच्या ह्या डोंगराच्या कडेनें जाणारी एक वाट वाटरक्षकांच्या संस्थेनें १८९७ सालीं मोकळी करून घेतली होती. परंतु माथ्यावरचें विस्तीर्ण माळरान बंद होतें. तेथें ग्राउस नांवाचा तित्तिरासारखा पक्षी शिकारीसाठीं राखलेला असे. १२ ऑगस्टला शिकारीचा हंगाम सुरू होई, आणि वर्षांतील थोड्या दिवसांच्या त्या खेळासाठीं बाराहि महिने रखवालदार पहारा देत. १९२३ सालीं वॉर्डवर तर खुद्द किंडरच्या मालकानें कोर्टाचा मनाईहुकूम आणला. पार्लमेंटकडे पाहावें तर तेथेंहि निराशाच होती. जेम्स ब्राइस ह्या इतिहासकारानें डोंगरावर सर्वांना फिरण्याची मोकळीक देणारें बिल १८८४ सालीं प्रथम मांडलें होतें. तें पुढें अनेकदां मांडण्यांत आलें, आणि प्रत्येक वेळीं बारगळलें.

पहिल्या महायुद्धानंतर, आणि विशेषतः १९३० च्या मंदींत, शहरांतून बाहेर पडणाऱ्यांची संख्या फार वाढली. काम नाहीं, खिशांत पैसा नाहीं, अशा तरुणांना पायीं फिरण्यासारखी दुसरी स्वस्त करमणूक नव्हती. आगगाडीच्या कंपन्यांनीं स्वस्त तिकिटें काढून त्यांत आपला धंदाहि पाहिला. १९३२ च्या जुलैंत एका कंपनीनें ससेक्सच्या टेकडीवरून सूर्योदय दाखविण्यासाठीं चांदण्यांतील सहल जाहीर केली, एस. पी. बी. मेस हे लोकप्रिय लेखक वाटाडे होते. चाळीसएक लोक येतील अशी अपेक्षा असतां हजाराहून अधिक लोटले, आणि सूर्य मात्र ढगांआड राहिला. सहलीची हौस किती वाढली होती, आणि हजारांचा एक वाटाड्या होऊं शकत नाहीं, ह्या दोन्ही गोष्टी त्या पहांटे सिद्ध झाल्या.

त्याच वर्षीं तिसरा वाटाड्या पुढें आला. बेनी रॉथमन हा मँचेस्टरचा अवघा वीस वर्षांचा यंत्रकारागीर. त्याच्या कामगार क्रीडासंघाच्या एका तुकडीला ब्लीक्लो डोंगरावरून रखवालदारांनीं परत पाठविलें होतें. पांचपन्नास माणसांना परत लावितां येतें, पण चारशें गेलीं तर काय करतील, असा त्याचा साधा हिशोब होता. २४ एप्रिल १९३२ रोजीं, रविवारीं, हेफील्ड गांवाजवळच्या एका खाणींत सुमारें चारशें तरुण-तरुणी जमल्या. स्टेशनावर पोलीस अडवितील म्हणून रॉथमन सायकलीवरून आला होता. त्याचें लहानसें भाषण झालें आणि मंडळी किंडरच्या उतारावर चढली. वर रखवालदारांशीं झटापट झाली. एका रखवालदाराचा घोटा दुखावला. खालीं उतरतांच धरपकड झाली. नुसता शिरकाव हा गुन्हा नव्हताच. म्हणून दंगा व बेकायदा जमाव असे आरोप ठेवण्यांत आले, आणि जुलैंत डर्बी येथें पांच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने मिळाले.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. सहल करणाऱ्यांच्या नोंदलेल्या संघांनीं ह्या धाडसाचा निषेधच केला होता. तीस तीस वर्षें पुरावे जमवून, अर्ज करून, थोडी थोडी वाट मोकळी करून घेणाऱ्या जुन्या मंडळींना वाटलें कीं, ह्या पोरांनीं सर्वांवर पाणी ओतलें. पोरांना वाटलें कीं, म्हाताऱ्यांच्या अर्जांना केराची टोपलीच मिळावयाची. इतिहासाच्या निवाड्यांत दोघांनाहि अंशतः न्याय मिळाला आहे. शिक्षांची बातमी पसरतांच ज्यांना किंडर कोठें आहे हेंहि ठाऊक नव्हतें त्यांची सहानुभूति जागी झाली, आणि त्याच उन्हाळ्यांत विनॅट्स खिंडींत भरलेल्या संघांच्या सभेस हजारोंचा समुदाय लोटला. दुसरीकडे त्याच १९३२ सालीं जुन्या मंडळींच्या दीर्घ प्रयत्नांना फळ येऊन पायवाटांच्या हक्कांचा कायदा झाला. वीस वर्षें लोक एखाद्या वाटेनें बेरोक गेले असतील तर ती सार्वजनिक मानावी, असें तत्त्व त्यानें घालून दिलें. आपल्याकडील १८८२ च्या ईझमेंटच्या कायद्यांतहि खाजगी वाटेच्या हक्कासाठीं वीस वर्षांचीच वहिवाट सांगितली आहे. अशा कायद्यांत वॉर्डच्या खिशांतील पुस्तिकेला केवढें मोल आलें असेल, हें सांगणें नलगे. रॉथमननें दार ठोठावलें. पण दार उघडल्यावर दाखवावयाचा दाखला वॉर्डच्या पुस्तिकेंत होता.

यापुढची हकीगत वेगानें सांगतां येईल. १९३५ सालीं निरनिराळ्या संघांची मिळून रॅम्बलर्स असोसिएशन झाली. १९४५ सालीं चालणाऱ्यांनीं वर्गणी करून लूझ हिल ह्या डोंगरावरचा एक तुकडा विकत घेतला व तो वॉर्डला भेट दिला. त्यानें तो तत्काळ नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केला. १९४९ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि १९५१ सालीं देशांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान जाहीर झालें तें किंडरच्या सभोंवतालच्या पीक डिस्ट्रिक्टमध्येंच. १९८२ सालीं किंडर नॅशनल ट्रस्टच्या मालकीचा झाला. २००० सालच्या कायद्यानें डोंगर व माळरानें सर्वांना पायीं फिरण्यास मोकळीं झालीं. आणि २००२ सालीं, किंडरच्या त्या रविवारास सत्तर वर्षें झालीं तेव्हां, डेव्हनशरच्या ड्यूकनें आपल्या आजोबांच्या वेळच्या वागणुकीबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

ह्या सर्वांत आम्हांला अधिक अर्थाची वाटते ती १९५४ सालची एक साधी घटना. त्या वर्षीं गुड फ्रायडेच्या दिवशीं एडेल येथें पीक डिस्ट्रिक्टच्या वॉर्डन-सेवेचा आरंभ झाला व टॉम टॉमलिन्सन हा पहिला वॉर्डन नेमला गेला. ज्या डोंगरावर पूर्वीं रखवालदार काठी घेऊन ‘मागें फिरा’ म्हणत उभा असे, तेथें आतां पगारी माणूस उभा राहिला तो येणाऱ्यास वाट दाखविण्यासाठीं. १९०० सालीं चौदा माणसें याच एडेलच्या स्टेशनावर उतरलीं होतीं. रखवालदाराचा वाटाड्या होण्यास चोपन्न वर्षें लागलीं.

आतां त्या १८७८ सालाकडे वळूं. ज्या वर्षीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें एपिंगचें रान लोकांना मोकळें केलें, त्याच वर्षीं त्याच साम्राज्याच्या हिंदुस्थान सरकारनें जंगलचा कायदा करून आपल्याकडील रानें ‘राखीव’ करण्याचें सत्र आरंभिलें. चराई, सरपण, मोहाचीं फुलें, पायवाट हे पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवहार तेथें मेहेरबानीच्या सवलती ठरले. राखीव रानांतील वाट बंद करण्याचा अधिकारहि जंगलखात्याकडे गेला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्या वेळीं या धोरणाविरुद्ध आवाज उठविला होता. १८८३ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, त्यांत जंगलखात्यानें डोंगरकुरणें बळकावल्यामुळें गरीब कुणब्याची काय दैना झाली तें सांगितलें आहे. आणि त्याच १८८३ सालीं मुंबईंत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले होते. पुढें ह्याच संस्थेनें आपल्या मध्यमवर्गाला माहितगाराच्या मागून रानांत जाण्याची, पक्षी-झाडें ओळखण्याची गोडी लाविली. एकाच वर्षीं एकीकडे रानांतून बाहेर घातलेल्यांची कैफियत लिहिली गेली, आणि दुसरीकडे रानांत जाऊन शिकण्याची वाट पाडली गेली. दोन्ही कामें थोर होतीं. पण त्या दोहोंची गांठ पडण्यास फार काळ लागला.

ही गांठ कशी पडेल, हाच आपल्या रविवारच्या सहलीपुढचा खरा प्रश्न आहे. इंग्लंडच्या चालणाऱ्यांस एका जमीनदाराशीं झगडावें लागलें. बरेवाईट स्पष्ट होतें. आपल्याकडील सहलकऱ्यास तशी सोय नाहीं. मुंबईच्या उंबऱ्यावर शंभर चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक पसरलेल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत आपण रविवारीं वाटाड्यामागून जातों, तेव्हां पायांखालची वाट आपण पाडलेली नसते. ती वारल्यांच्या पाड्यांतून सरपणाला, पाण्याला, बाजाराला गेलेल्या पायांनीं पाडलेली असते. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला. १८७८ नंतर जें हिरावलें गेलें तें परत देण्याची भाषा कायद्याच्या पुस्तकांत इतक्या उशिरां आली. २००९ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) ह्या गांवाला आपल्या रानावरचा सामूहिक हक्क मिळाला, ती गोष्ट महाराष्ट्रानें अभिमानानें सांगण्यासारखी आहे. लॉटनच्या मजुरांना त्यांच्या फांद्यांबद्दल सभागृह मिळालें आणि चालणाऱ्यांना रान मिळालें. हा सौदा आपल्याकडे पुन्हां होऊं नये, एवढी जाणीव शिदोरीबरोबर पाठीवर घेतली तर तिचें ओझें फार नाहीं.

यासाठीं कोणी सहल सोडावी असें आमचें म्हणणें नाहीं. उलट अधिक माणसांनीं जावें. ज्या रानांत कोणी जात नाहीं, तें रान नाहींसें झालें तरी कोणाला कळत नाहीं. मात्र वॉर्डच्या पुस्तिकेसारखी एखादी वही मंडळींच्या खिशांत असावी. आज कोणती वाट चाललों, कोणता ओढा वाहात होता, कोठें नवें कुंपण दिसलें, पाड्यावरच्या म्हातारीनें टेकडीचें नांव काय सांगितलें, हें तीत लिहावें. आणि आपल्यापुढें चालणाऱ्या वाटाड्याला त्याच्या रानाविषयीं विचारावें, नुसत्या पक्ष्यांविषयीं नव्हे. शिलिंग देऊन ‘आम्ही हक्क सांगत नाहीं’ म्हणणारा सभ्य गृहस्थ त्या दिवसापुरता चालून गेला. वही बाळगणारा कारागीर मात्र मागून येणाऱ्यांसाठीं वाट ठेवून गेला. तीच वहिवाट.